वेळापत्रकातील पहिली ओळ
(तरुण विद्यार्थी, पालक व संडे स्कूल शिक्षक ह्यांच्यासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : दानीएल १:१-२० व ६:१०, निर्गम १६:२२-३० व १८:१३-२४, मार्क १:३२-३८, लूक १०:३८-४२, इफिस ५:१५-१७.

मुखपाठ : इफिस ५:१५-१६ (आपापल्या पवित्र शास्त्रातून वाचून पाठ करावे).

पाठाचा हेतू : वेळ ही देवाने सोपवलेली ठेव आहे हे ओळखून, अभ्यासाच्या धावपळीत कोणत्या गोष्टीला पहिली जागा द्यावी व कोणती गोष्ट सोडून द्यावी हे विद्यार्थ्यांना ठरवता यावे, आणि ह्या कामी पालकांचे व मंडळीचे कर्तव्य काय ते सर्वांनी समजून घ्यावे.

१. आमच्या हातून झालेल्या दोन चुका

हा पाठ आम्ही कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. उलट आमच्याच दोन चुकांपासून त्याची सुरुवात करतो.

सीमाभागातल्या आमच्या मंडळीत एक मुलगी बालवर्गाला शिकवीत असे. आवाज चांगला म्हणून गायकवृंदातही होती. ती पी. यू. सी. च्या दुसऱ्या वर्षाला गेली. नाताळ झाल्यावर एका रविवारी तिची आई उपासनेनंतर आम्हांला भेटली व म्हणाली, "सर, आता मार्चपर्यंत हिला सोडा. परीक्षा झाली की येईल परत." आम्ही मान डोलावली. "अभ्यास आधी," असेही म्हणालो. मार्च गेला. मग प्रवेशपरीक्षेची तयारी सुरू झाली. ती संपली तेव्हा कॉलेजच्या प्रवेशाची धावपळ लागली. जुलैत ती रस्त्यात भेटली तेव्हा आम्ही विचारले, "काय गं, चर्चला दिसत नाहीस?" ती सरळपणे म्हणाली, "सर, अभ्यास आधी, असं तुम्हीच म्हणाला होता ना?" ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. परीक्षेपुरती सवलत देत आहोत असे आम्हांला वाटले होते. प्रत्यक्षात आम्ही तिला शिकवले ते हे, की जीवनात काही जड काम आले की सर्वांत प्रथम उपासना सोडावी.

दुसरी चूक ह्याच्या उलट. एक मुलगा हुशार, कामसू व "नाही" म्हणता न येणारा. तरुण संघाचा चिटणीस तोच, नाताळच्या नाटिकेची तयारी करणारा तोच, मंडळीच्या सहलीची वर्गणी गोळा करणारा तोच, आणि दिवे, पडदे व खुर्च्या लावणाराही तोच. डिसेंबरचा सगळा महिना तो रात्री दहापर्यंत चर्चच्या आवारात असे. आम्ही सर्वांनी त्याचे कौतुक केले. जानेवारीत पूर्वपरीक्षेत तो दोन विषयांत नापास झाला. त्याचे वडील आमच्याकडे आले. रागावलेले होते, पण बोलले थोडेच. "मंडळीत माणसं काय तो एकटाच आहे?" एवढेच त्यांनी विचारले. ह्याही प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

एका मुलीला आम्ही सोडून दिले. एका मुलाला आम्ही वापरून घेतले. दोघांनाही वेळेचा विचार कसा करावा हे आम्ही शिकवले नाही. तेव्हा आज आपण सर्वांनी मिळून हा पाठ शिकू या.

२. वेळ कोणाचा?

"माझा वेळ" असे आपण सहज म्हणतो. परंतु पवित्र शास्त्राप्रमाणे आपण आपल्या पैशाचे जसे मालक नसून कारभारी आहोत, तसेच आपल्या दिवसांचेही कारभारी आहोत. नव्वदाव्या स्तोत्रात भक्त देवाजवळ आपले दिवस मोजण्याची शिकवण मागतो. दिवस वाढवून दे, अशी मागणी तो तेथे करीत नाही. मोजता यावे आणि त्यातून शहाणपण यावे, एवढीच त्याची विनंती आहे.

इफिसकरांस लिहिताना पौलाने वेळेविषयी जो शब्द वापरला तो मूळ ग्रीक भाषेत बाजारातला आहे. त्याचा अर्थ विकत घेणे, किंमत भरून सोडवून घेणे असा आहे. आणि "वेळ" ह्यासाठी तेथे जो शब्द आहे तो घड्याळाच्या काट्यापुरता नाही; त्यात योग्य संधी, नेमका काळ असा भाव आहे. ह्याचा अर्थ असा की वेळ फुकट मिळत नाही. तो सोडवून घ्यायचा तर काहीतरी मोजावे लागते. ज्याला एक तास अभ्यासासाठी हवा, त्याने तो गप्पांतून सोडवून आणला पाहिजे. ज्याला अर्धा तास प्रार्थनेसाठी हवा, त्याने तो अंथरुणातून सोडवून आणला पाहिजे.

आता मोजूनच पाहू. आठवड्याचे तास १६८. रोज आठ तास झोप धरली तर ५६ तास झाले. सहा दिवस रोज सहा तास कॉलेज म्हणजे ३६. जाण्यायेण्यात रोज दोन तास म्हणजे १२. जेवणखाण, आंघोळ व घरकामातील मदत रोज तीन तास, म्हणजे आठवड्याचे २१. रविवारची उपासना व संडे स्कूल, जाण्यायेण्यासह, ४ तास. रोज अर्धा तास शास्त्रवाचन व प्रार्थना, म्हणजे साडेतीन तास. ह्या सर्वांची बेरीज होते १३२ तास ३० मिनिटे. शिल्लक राहिले ३५ तास ३० मिनिटे. त्यातून सहा दिवस रोज दोन तास शिकवणीला दिले तरी २३ तास ३० मिनिटे उरतात. ह्यात स्वतःचा अभ्यास, थोडा खेळ व मित्रमैत्रिणींची भेट बसू शकते.

पण रोज तीन तास मोबाइलवर गेले तर? आठवड्याचे २१ तास. मग शिल्लक फक्त अडीच तास! "अभ्यासाला वेळ पुरत नाही" म्हणून आपण रविवारचे चार तास कापतो आणि रोजच्या तीन तासांना हातही लावीत नाही. घरात चोर एका दाराने शिरत असताना आपण दुसऱ्या दाराला कुलूप घालतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

प्रत्येकाचे आकडे ह्यासारखेच असतील असे नाही. कोणाचा प्रवास मोठा असतो, कोणी सकाळी दुधाच्या किंवा वर्तमानपत्रांच्या लाइनीवर काम करून शिकतो, कोणाच्या घरी आजारी माणूस असते. म्हणूनच दुसऱ्याचे वेळापत्रक पाहून आपले बनवू नये. आपले तास आपणच मोजावेत.

३. दानीएल विद्यार्थी

दानीएलाचे नाव घेतले की आपल्याला सिंहांची गुहा आठवते. परंतु तो प्रथम आपल्याला भेटतो तो विद्यार्थी म्हणून. यहूदातून बाबेलास नेलेल्या ह्या तरुणांसाठी राजाने तीन वर्षांचा अभ्यासक्रम ठरवला होता. खास्द्यांची भाषा व त्यांचे वाङ्मय त्यांना शिकायचे होते. शेवटी खुद्द राजापुढे परीक्षा होती. घरची भाषा एक, शिक्षणाची भाषा दुसरी, आईबाप दूर, नावसुद्धा बदललेले. बेळगाव, हैदराबाद किंवा बडोद्यात घरी मराठी बोलणाऱ्या व बाहेर दुसऱ्याच भाषेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना दानीएलाची अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.

ह्या अध्यायात तीन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत.

पहिली, दानीएलाने अभ्यास नाकारला नाही. परकी भाषा, परके वाङ्मय त्याने मन लावून शिकले. भक्ती आहे म्हणून अभ्यासात ढिलाई चालेल असे त्याने मानले नाही. सतराव्या वचनात ह्या चौघांचे ज्ञान देवाचे दान म्हटले आहे. गणिताच्या वहीपुढे बसलेला मुलगाही देवाने नेमलेलेच काम करीत असतो, हे आपण मुलांना सांगितले पाहिजे.

दुसरी, त्याने एक गोष्ट मनात अगोदर ठरवून ठेवली. राजाच्या अन्नाने आपण विटाळायचे नाही, हा निश्चय ताट पुढे येण्यापूर्वीच झालेला होता. ज्याने काय सोडायचे नाही हे आधी ठरवले आहे, त्याला प्रत्येक दिवशी नव्याने झगडावे लागत नाही. "ह्या रविवारी जाऊ की नको?" असा प्रश्न दर शनिवारी रात्री उभा राहिला, तर परीक्षेच्या दिवसांत उत्तर काय येणार हे सांगायला नकोच.

तिसरी, तो उद्धटपणे वागला नाही. त्याने अधिकाऱ्याला विनंती केली व दहा दिवसांची कसोटी सुचवली. आपल्या मुलांनीही हे शिकावे. रविवारी सकाळी जादा तास ठेवणाऱ्या शिकवणीच्या शिक्षकांशी भांडण्याची गरज नाही. "सर, रविवारी सकाळी मला उपासनेला जायचे असते. दुपारच्या किंवा शनिवारच्या तुकडीत बसू का?" असे नम्रपणे विचारावे. पुष्कळदा आपण विचारीतच नाही. नाही म्हणतील असे गृहीत धरून उपासना सोडून देतो.

पुढे सहाव्या अध्यायात आपण दानीएलाला पाहतो तेव्हा तो वृद्ध झालेला आहे व राज्यातील १२० अधिकाऱ्यांवर देखरेख करणाऱ्या तीन प्रमुखांपैकी एक आहे. कामाचा भार केवढा असेल! तरी दिवसातून तीनदा गुडघे टेकण्याचा त्याचा जुना परिपाठ चालूच होता. मोठेपणी फुरसत मिळाली म्हणून त्याने ही सवय लावून घेतली नव्हती. आज अठराव्या वर्षी ज्याला दहा मिनिटे मिळत नाहीत, त्याला नोकरी लागल्यावर, संसार झाल्यावर ती आपोआप मिळतील असे समजू नये.

४. पद्धतीने चालणारे विद्यार्थी

आपल्यातील अनेक मंडळ्या मेथडिस्ट नावाने ओळखल्या जातात. हे नाव मुळात विद्यार्थ्यांना चिडवण्यासाठी पडलेले आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात १७२९ पासून जॉन व चार्ल्स वेस्ली ह्या भावांभोवती काही तरुण जमू लागले. ते एकत्र अभ्यास करीत, नव्या कराराचे वाचन करीत, उपास करीत, नेमाने प्रभुभोजन घेत आणि तुरुंगातील कैद्यांना भेटायला जात. प्रत्येक गोष्ट वेळ ठरवून व पद्धतशीर करण्याच्या त्यांच्या रीतीवरून इतर विद्यार्थी त्यांना हसून "मेथडिस्ट" म्हणू लागले. पुढे त्याच नावाने एक मोठी चळवळ उभी राहिली. तेव्हा वेळापत्रक ही केवळ परीक्षेपुरती वस्तू आहे असे समजू नये.

५. एका दिवसाचा हिशेब आणि त्यातील उणीव

मराठी ख्रिस्ती लोकांवर विल्यम कॅरी ह्यांचे मोठे उपकार आहेत. त्यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूर येथे १८०५ साली छापले गेले, मराठी कोश १८१० साली आणि मराठी नवा करार १८११ साली निघाला. हा मनुष्य तरुणपणी इंग्लंडात चांभारकाम करीत होता. काम करता करता पुस्तक जवळ ठेवून त्याने एकामागून एक भाषा शिकून घेतल्या.

१८०६ साली एका मित्राला पाठवलेल्या पत्रात कॅरींनी आपल्या एका दिवसाची हकीकत लिहिली आहे. पावणेसहाला उठून त्यांनी इब्री शास्त्राचा एक अध्याय वाचला व सात वाजेपर्यंत प्रार्थनेत घालवले. मग घरातील माणसे व चाकर ह्यांच्याबरोबर बंगालीत प्रार्थना. चहा येईपर्यंत मुनशीबरोबर फारसी. नंतर हिंदुस्तानी भाषेत शास्त्रवाचन. न्याहारीनंतर दहापर्यंत पंडिताबरोबर संस्कृतातील भाषांतर. दहानंतर फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवणे. परत आल्यावर छापखान्याची मुद्रिते तपासणे, मग संध्याकाळपर्यंत मत्तयाच्या शुभवर्तमानाचे संस्कृत भाषांतर, त्यानंतर तेलुगू भाषेचा धडा, साडेसातला प्रवचन, आणि रात्री अकराच्या सुमारापर्यंत यहेज्केलाचे बंगाली भाषांतर. निजण्यापूर्वी ग्रीक नव्या कराराचा एक अध्याय.

हा हिशेब वाचून आपण थक्क होतो. पण त्याची पहिली व शेवटची ओळ पाहा. दिवसाच्या दोन्ही टोकांना देवाचे वचन आहे आणि मधले सगळे काम त्या दोहोंच्या आत बांधलेले आहे. शिवाय कॅरी स्वतःला बुद्धिमान म्हणवून घेत नसत. चिकाटीने रेटत राहणे एवढाच गुण ते स्वतःकडे घेत.

परंतु खरे ते सगळे सांगितले पाहिजे. ह्या भरगच्च दिवसात एक जागा रिकामी होती. कॅरींची पत्नी डोरोथी हिचे मन भारतात आल्यावर बिघडले आणि १८०७ साली तिचा अंत होईपर्यंत ते सावरले नाही. मुलांकडे लक्ष देणे बापाला नीट जमले नाही. त्यांना वळण लावण्याचे काम बऱ्याच अंशी हॅना मार्शमनबाई व विल्यम वॉर्ड ह्या सोबत्यांनी केले. एवढ्या मोठ्या देवभक्ताच्या वेळापत्रकातही उणीव राहिली. ह्यावरून आपण हे शिकावे की सगळे तास भरणे म्हणजे वेळेचा सदुपयोग नव्हे. ज्यांचा आपल्यावर हक्क आहे त्यांना त्यांचा वाटा मिळाला की नाही, हेही मोजावे लागते. आजारी आजीजवळ बसलेला अर्धा तास वाया गेला असे ज्या विद्यार्थ्याला वाटते, त्याने आपले वेळापत्रक पुन्हा एकदा तपासावे.

६. मार्था, मरीया व शनिवारची तयारी

बेथानीच्या घरी मार्थेचे चुकले ते स्वयंपाक करण्यात नाही. पाहुण्यांना जेवू घालणे चांगलेच काम होते. पण पुष्कळ गोष्टींच्या काळजीत तिचे मन विखुरले गेले, आणि प्रभू घरात असताना त्याचे ऐकायला ती बसू शकली नाही. विद्यार्थ्याच्या मनाची स्थिती अशीच होते. रसायनशास्त्र वाचताना भौतिकशास्त्राची काळजी, उपासनेत बसले असता उद्याच्या चाचणीची काळजी, आणि चाचणीच्या वेळी उपासना चुकल्याची टोचणी. एका वेळी एकच गोष्ट आणि तिला पूर्ण मन, हे शिकावे लागते.

येथे आयाबापांना एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. आपल्या घरांत मुलगी बारावीला असली तरी पाणी भरणे, भाकऱ्या करणे व धाकट्या भावंडांना सांभाळणे तिच्याकडेच राहते, आणि मुलगा बारावीला असला की त्याला पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देतात. मग निकालाच्या दिवशी दोघांच्या गुणांची तुलना होते. हा न्याय नव्हे. घरकाम सर्वांत वाटून दिले तर मुलीचेही तास सुटतील, व मुलालाही हाताने काम करण्याची सवय लागेल.

रविवारच्या विसाव्याविषयी मान्न्याचा धडा फार उपयोगी आहे. इस्राएल लोकांना रोजचा मान्ना रोज गोळा करावा लागे; उरवून ठेवला तर त्यात किडे पडत. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा होता, आणि तो मात्र नासला नाही. म्हणजे विसाव्याचा दिवस आदल्या दिवशीच्या तयारीवर उभा होता. ज्याला सोमवारी चाचणी आहे त्याने शनिवारी संध्याकाळी दुप्पट गोळा करावे. शनिवारी रात्री एकपर्यंत जागून रविवारी सकाळी उठवत नाही, म्हणून उपासना चुकते. तेव्हा रविवारची उपासना शनिवारी रात्री दिवा मालवण्याच्या वेळीच ठरते, हे ध्यानात ठेवावे.

७. प्रत्यक्ष काय करावे?

(१) एक आठवडा हिशेब लिहा. नवे वेळापत्रक करण्यापूर्वी सात दिवस एका वहीत कोणता तास कशात गेला ते खरेखरे लिहावे. कोणाला दाखवू नये. म्हणजे खोटे लिहिण्याचा मोह होणार नाही.

(२) पहिली ओळ आधी भरा. रोजच्या प्रार्थनेची व रविवारच्या उपासनेची वेळ प्रथम लिहावी. मग झोप, कॉलेज, घरकाम. त्यानंतर अभ्यास. उरलेल्यात बाकीचे. आधी सगळे भरून मग देवासाठी जागा शोधू लागलो तर ती सापडत नाही, असा आमचाही अनुभव आहे.

(३) कामांचे चार भाग करा. आजच झाले पाहिजे ते. ह्या आठवड्यात झाले पाहिजे ते. परीक्षेनंतर चालेल ते. आणि माझे नव्हेच ते. चौथा भाग लिहिताना संकोच करू नये.

(४) मोठ्या धड्याचे तुकडे करा. "आज जीवशास्त्र करायचे" असे लिहिले की काहीच होत नाही. "आज रक्ताभिसरणाची पाने वाचून आकृती दोनदा काढायची" असे लिहिले की होते. अवघड विषय डोके ताजे असताना घ्यावा. वही पूर्ण करणे वगैरे कामे थकल्यावर करावीत.

(५) मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. खोली एकच असेल तर तो आईच्या हाती द्यावा. अभ्यासासाठीच लागतो, असे म्हणणाऱ्याने लागेल तेवढे पाहून परत द्यावा.

(६) झोप विकू नका. रात्रभर जागून वाचलेले सकाळी आठवत नाही, हे बहुतेकांनी भोगलेले आहे.

(७) नम्रपणे नाही म्हणायला शिका. कफर्णहूमात संध्याकाळी प्रभूने पुष्कळांना बरे केले. पहाटे तो एकांती प्रार्थनेला गेला. सर्व लोक शोधीत आहेत असे शिष्यांनी येऊन सांगितले, तरी जवळच्या दुसऱ्या गावी जाण्याचे त्याने ठरवले. लोकांची गरज खरी होती. पण आपण कशासाठी आलो हे प्रार्थनेत त्याच्यापुढे स्पष्ट झाले होते. चांगल्या कामालासुद्धा कधी कधी नाही म्हणावे लागते.

आणि ज्याचे एखादे वर्ष वाया गेले आहे, त्याला काय सांगावे? ११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली व अनेक वर्षांची हस्तलिखिते जळून गेली. कॅरी व त्यांचे सोबती रडत बसले नाहीत. त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई करण्याचे वचन देव योएलाच्या द्वारे देतो. नापास झालेल्या मुलाला आपल्या घरात व आपल्या मंडळीत हे वचन आधी ऐकू यावे. टोमणे नंतरही ऐकू आले नाहीत तर उत्तम.

८. मंडळीचे कर्तव्य

इथ्रो जावयाला भेटायला आला तेव्हा मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करीत बसला होता. इथ्रोने त्याची पाठ थोपटली नाही. हे बरे नव्हे, असे त्याने स्पष्ट सांगितले, आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर माणसे नेमायला लावली. मोशे थकेल व लोकही थकतील, हे त्याने ओळखले.

आपल्या मंडळ्यांत मात्र दोनचार तरुणांवर सगळे काम पडते, कारण ते "नाही" म्हणत नाहीत. आमची वडील मंडळींना विनंती आहे की एका विद्यार्थ्याकडे एका वेळी एकच जबाबदारी द्यावी. दहावी-बारावीच्या वर्षी तीही दुसऱ्या कोणाला द्यावी. परंतु जबाबदारीतून मोकळे करणे वेगळे आणि उपासनेतून मोकळे करणे वेगळे. त्या मुलीला आम्ही असे म्हणायला हवे होते : "बालवर्ग आम्ही पाहू, गायनाच्या सरावालाही येऊ नकोस. पण रविवारी ये आणि आमच्यात नुसती बस. ह्या वर्षी तू काही देऊ नकोस, फक्त घे."

दुसरे, पुष्कळ घरांत अभ्यासाला स्वतंत्र जागा नसते. एका खोलीत टीव्ही, पाहुणे, पाळणा व पुस्तक सर्व काही असते. आपल्या चर्चच्या आवारातील संडे स्कूलची खोली सहा दिवस बंद असते. जानेवारी ते मार्च ती रोज संध्याकाळी सहा ते नऊ उघडी ठेवली, दोन ट्यूबलाइट व पिण्याचे पाणी ठेवले, आणि निवृत्त शिक्षक किंवा महिला मंडळातील भगिनी पाळीने बसल्या, तर केवढी सेवा होईल! तेथे शेजारची इतर धर्मांची मुलेही आली तर त्यांनाही बसू द्यावे.

तिसरे, नाताळच्या कार्यक्रमाची तयारी नोव्हेंबरातच सुरू करावी व सराव रात्री आठाच्या पुढे नेऊ नये. हे छोटे ठराव आहेत, पण कार्यवाहीच्या वहीत लिहिले गेले तरच टिकतात.

रस्त्यात भेटलेल्या त्या मुलीच्या घरी आम्ही पुढच्याच आठवड्यात गेलो. आमचे चुकले, असे तिला व तिच्या आईला सांगितले. ती आता उपासनेला येते. दर रविवारी नव्हे, पण येते. बालवर्ग तिला परत देण्याची घाई आम्ही केलेली नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. मागील आठवड्यात तुमचे सर्वांत जास्त तास कशात गेले? ते तुम्ही ठरवले होते की आपोआप गेले?
२. दानीएलाने कोणत्या गोष्टी स्वीकारल्या व कोणती नाकारली? त्यावरून आपण कोणती सीमारेषा ठरवावी?
३. विल्यम कॅरी ह्यांच्या दिवसातून काय घ्यावे व कोणत्या बाबतीत सावध राहावे?
४. परीक्षेच्या काळात जबाबदारी कमी करणे व उपासना सोडणे ह्यांत फरक काय?
५. आपल्या घरात मुलगा व मुलगी ह्यांना अभ्यासाचे तास सारखे मिळतात काय?

शिक्षकांसाठी सूचना

वर्गात प्रत्येकाला एक कागद द्यावा व त्यावर सात उभे रकाने आखायला सांगावे. प्रथम सर्वांनी मिळून प्रार्थनेची व उपासनेची जागा भरावी. मग ज्याने त्याने आपले बाकीचे तास भरावेत. शिक्षकांनी स्वतःचाही कागद भरावा. कोणाचा कागद मोठ्याने वाचून दाखवू नये. चार आठवड्यांनी तोच कागद परत आणायला सांगून काय टिकले व काय टिकले नाही, ह्यावर शांतपणे बोलावे. लहान वर्गात मान्न्याची गोष्ट सांगून "शनिवारी रात्री दप्तर भरून ठेवणे" एवढाच एक पाठ द्यावा.

प्रार्थना

हे प्रभू, आमचे दिवस तुझ्या हाती आहेत. जे तास आम्ही उधळले त्यांची क्षमा कर. आमच्या शिकणाऱ्या मुलामुलींना शांत मन, पुरेशी झोप व चिकाटी दे. तुझी जागा आमच्या दिवसात शेवटी उरलेली नसो, पहिली असो. आणि मुलांच्या पाठीवर आम्ही ठेवलेली ओझी उचलायला आम्हां वडीलधाऱ्यांना बुद्धी दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.